टॅमरॅक गॅपवर झालेला न्याय

जिंकलेला कप दर आठवड्याला पुसावा लागतो; हिरावून घेतलेला कप आपोआप चकाकतो. हे सत्य जगातल्या बहुतेक गावांना अंधुकसं ठाऊक असतं, पण त्याची रीतसर अंमलबजावणी पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यातल्या टॅमरॅक गॅपइतकी कोणी केलेली नाही. लोकसंख्या चार हजार एकशे सहा. चर्च सात, बार नऊ, चालू खाण एकही नाही, आणि अन्याय एक. अन्याय अस्सल असून त्याची देखभाल उत्तम आहे.

त्याची हकीकत अशी. १९२६च्या डिसेंबरात लीगच्या अजिंक्यपदाचा सामना टॅमरॅक गॅप आणि शेजारचं बेल्डन यांच्यात इथल्याच मैदानावर झाला. (खेळ अमेरिकन फुटबॉलचा. चेंडू काखोटीला मारून समोरच्या रेषेपलीकडे जायचं आणि अकरा जणांनी ते जाऊ द्यायचं नाही. नियमावली जाडजूड असली तरी मथितार्थ एवढाच.) बेल्डन सहा, टॅमरॅक तीन. शेवटचा डाव. अंधारून आलेलं, धुकं उतरलेलं, त्यात खाणीचा धूर. पीट मोल्नार नावाच्या चोवीस वर्षांच्या खाणकामगाराने चेंडू घेतला आणि तो त्या धुरात शिरला. पुढचं कोणालाच दिसलं नाही. शिट्टी वाजली. लोक कंदील घेऊन गेले तेव्हा पीट रेषेपलीकडे बर्फात बसलेला सापडला, चेंडू मांडीवर. पंचांनी निर्णय दिला की, सदर इसम शिट्टीनंतर चालत तिथे गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब गुण नाहीत. एवढं बोलून पंच, रेषापंच आणि शहरातून आलेले पाचही वार्ताहर स्टेशनकडे धावत सुटले, कारण शेवटची गाडी चार चाळीसची होती.

ह्याच गाडीपायी सामन्यातल्या श्रेष्ठ खेळाडूचा कप तिसरं सत्र संपताच मतदान उरकून देऊन टाकला होता. बातमी वेळेत पोचवायची तर सामना संपायची वाट बघणं वार्ताहरांना परवडणारं नव्हतं. कप बेल्डनच्या क्लाइड हॉफस्ट्राला गेला. चौथ्या सत्रात हे श्रेष्ठ खेळाडू घोंगडी पांघरून बाकावर सूप पीत होते, याबद्दल दोन्ही गावांत एकमत आहे. सूप कसलं, एवढाच काय तो वाद आहे.

मैदानात तेव्हा नऊशे माणसं मावत. पीटला रेषा ओलांडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यांची संख्या १९३० साली चौदाशे होती, १९५८ साली दोन हजार सातशे, आणि १९९०च्या मोजणीत ती चार हजारांवर गेली. माणसं मेली की साक्षीदार घटतात, हा इतरत्र आढळणारा नियम आमच्याकडे लागू होत नाही. धुकं किती दाट होतं हेही हेच साक्षीदार पोटतिडकीने सांगतात: अहो, हाताला हात दिसत नव्हता!

दरवर्षी डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी 'लुबाडणुकीचा रविवार' पाळला जातो. बँड वाजवत सगळं गाव मैदानावर जातं. तो शेवटचा डाव पुन्हा खेळला जातो. पीटचं काम करणारा पळत सुटतो, रेषेच्या हातभर अलीकडे शिट्टी वाजते, तो थांबतो, आणि मग पंच झालेल्या माणसाला गाव उकडलेल्या कोबीची पानं फेकून मारतं. हा मान मोठा समजला जातो. पंच होण्यासाठी अकरा वर्षांची प्रतीक्षायादी आहे आणि तीत दोन पाद्री आहेत. त्यानंतर अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरल्या कोबीचं आणि पिरोगी नावाच्या उकडलेल्या करंज्यांचं जेवण होतं, लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात, आणि तीन-चार लग्नं जमतात.

जानेवारीत लीगकडे अर्ज जातो. हे काम न्याय समितीचा सचिव ऑरव्हिल प्रॉसर गेली चौतीस वर्षं करत होता. ऑरव्हिल शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, वय एकाहत्तर, हस्ताक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव लोण्यासारखा. लीगच्या नियम नऊप्रमाणे, जुन्या सामन्याचा निकाल बदलायचा तर त्या सामन्यातल्या एखाद्या पंचाचं सहीचं पत्र जोडावं लागतं. असं पत्र नसल्याने समिती त्याऐवजी साक्षीदारांची यादी, शाळेचं सात कडव्यांचं गीत आणि भरल्या कोबीची पाककृती जोडत असे. मार्चमध्ये लीगचा तीन ओळींचा नकार येई. तो हॉलमध्ये मोठ्याने वाचला जाई, गाव हुर्यो करी, आणि नकार चौकटीत बसवून संग्रहालयाच्या भिंतीवर टांगला जाई. युद्धाची तीन वर्षं वगळता असे त्र्याण्णव नकार जमले होते. नकार यायला आठवडाभर उशीर झाला तर गावाला अन्न गोड लागत नसे.

तर अशी सगळी घडी नीट बसलेली असताना, २०२३च्या जानेवारीत हॅटी बाईंनी ऑरव्हिलला घरी बोलावलं.

हॅटी मोल्नार म्हणजे पीटची मुलगी. वय वर्षं त्र्याण्णव. लग्न केलं नाही, चाळीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं. गावातला पन्नाशीपुढचा प्रत्येक माणूस त्यांच्या हातचा एकदा तरी कोपऱ्यात उभा राहिलेला आहे, त्यामुळे त्यांच्यापुढे सगळेच जरा अंग चोरून बसतात. त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक पिवळा कागद काढला.

"हे जोड अर्जाला."

"काय आहे हे, बाई?"

"वाच की. वाचायला मीच शिकवलंय तुला."

पत्र १९३१चं होतं, रेषापंच एमेट रस्क यांच्या सहीचं. 'पीट, मी रेषेवरच उभा होतो. तू ओलांडलीस, चांगली हातभर. मी बोललो असतो तर वाद झाला असता आणि गाडी चुकली असती. घरी बायको दिवस भरलेली होती. पाच वर्षं मला झोप नाही. हे पत्र तू कोणालाही दाखव.'

ऑरव्हिलने ते दोनदा वाचलं. चौतीस वर्षं तो ज्या कागदाशिवाय अर्ज करत होता, तो कागद चार गल्ल्या पलीकडे बिस्किटांच्या डब्यात होता.

"बाई, हे जोडलं तर..."

"तर काय?"

"नाही, काही नाही."

"माझं किती उरलंय ते तुला दिसतंय, ऑरव्हिल. तो कप मला एकदा हातात घ्यायचाय. बाबांचा आहे तो."

बाईंना नाही म्हणण्याची सोय ऑरव्हिलच्या अंगी पहिल्या इयत्तेपासून नव्हती. त्याने पत्र जोडलं. शिवाय लीग अर्ज वाचत नाही, हा त्र्याण्णव वेळा पडताळून पाहिलेला सिद्धान्त त्याच्या पाठीशी होता. कोबीच्या पाककृतीत एकदा चुकून मीठ लिहायचं राहिलं होतं, तरी लीगने हूं की चूं केलं नव्हतं.

पण त्या वर्षी लीगने कचेरीत एक नवी बाई नेमली होती आणि तिला काम कमी होतं. तिने अर्ज वाचला.

मार्चमध्ये हॉल खच्चून भरला. ऑरव्हिलने पाकीट फोडलं. आत तीनऐवजी सहा ओळी होत्या. तरी प्रथेप्रमाणे त्याने मोठ्याने वाचलं: पुरावा ग्राह्य. १९२६चं अजिंक्यपद टॅमरॅक गॅपला बहाल. श्रेष्ठ खेळाडूचा कप बेल्डनकडून परत घेऊन पीट मोल्नार यांच्या वारसास देण्यात येईल. समारंभ येत्या डिसेंबरात, दुसऱ्या रविवारी. झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहोत. अभिनंदन.

गावाने हुर्यो करण्यासाठी छाती भरून घेतलेला श्वास तसाच आत राहिला. मागच्या बाकावर कोणीतरी "अगं आई गं" म्हणालं. एका म्हाताऱ्याला खुर्चीवरून उचलून बाहेर वाऱ्यावर न्यावं लागलं.

"ऑरव्हिल," महापौर डार्लीन वोइचिक म्हणाली, "काय करून बसलास रे तू?"

"बाईंनी सांगितलं, डार्लीन. मी काय करू?"

"बाईंनी सांगितलं म्हणून गाव बुडवायचं? सत्त्याण्णव वर्षं चार पिढ्यांनी जपलेला अन्याय हा! आणि तू तो एका टपालाच्या तिकिटात घालवलास?"

त्याच बैठकीत संभाव्य हानीचा आढावा घेण्यात आला. संग्रहालय निरुपयोगी. शाळेच्या गीताची सातपैकी साडेसहा कडवी रद्द. बेकरीतलं 'रडका पंच' हे बिस्किट अर्थहीन. दारू सोडण्याच्या मंडळाचे सभासद दर बैठकीत सुरुवातीला लुबाडणुकीचं दुःख सांगत, त्यांना आता पिण्याचं दुसरं कारण शोधावं लागेल. 'चोरलेला कप' ह्या बारचा मालक गस गुरकावत उठला.

"पाटी बदलू म्हणता? काय लिहू? 'मिळालेला कप'? तिथे कोण कुत्रं येईल प्यायला?"

"आणि बेल्डनशी आपण बोलायचं नाही, ते?" एका बाईने घाबरून विचारलं. "माझा जावई बेल्डनचा आहे. मी बारा वर्षं त्याच्याशी बोललेले नाही. आता बोलावं लागणार का?"

शेवटी 'न्यायापासून बचाव उपसमिती' एकमताने नेमण्यात आली. उपसमितीने नियमावली पिंजून काढली आणि नियम चौदा सापडला: वारसाने सही करून लेखी नकार दिल्यास बहाली रद्द होते. वारस एकच. सबब ज्याने घाण केली त्यानेच निस्तरावी, असा ठराव झाला, आणि नकाराचा मसुदा ऑरव्हिलच्या हातात ठेवण्यात आला.

"हे बघ, ऑरव्हिल," डार्लीनने त्याला दाराशी गाठलं. "यंदा पंच व्हायची पाळी तुझी आहे. अकरा वर्षं थांबलायस. सही आण, आणि झालं गेलं विसरून जाऊ. नाही आणलीस तर सचिवपदाचं मला काही सांगता येत नाही."

ऑरव्हिल दुसऱ्या दिवशी बाईंच्या स्वयंपाकघरात टोपी हातात घेऊन बसला. त्याने कॉफी निवू दिली. शेवटी त्याने मसुदा टेबलावर सरकवला. बाईंनी चष्मा चढवून वाचला.

"अस्सं."

"गावाची अडचण आहे, बाई. वाईट कोणाच्याच मनात नाही हो."

"एकतीस सालीही नव्हतं." बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "हे पत्र आलं तेव्हा बाबा खाणीतून परतले होते. आई सांगायची, काळे हात धुतलेसुद्धा नाहीत, तसेच धावत सुटले तेव्हाच्या महापौराकडे. महापौर काय म्हणाले ठाऊक आहे? 'पीट, बँडचे गणवेश नुकते शिवून झालेत. जरा दम धर.'"

ऑरव्हिलने मान खाली घातली.

"बाबांनी चाळीस वर्षं दम धरला. आणि तुम्ही काय केलंत? दर डिसेंबरात त्यांना पळवलंत. साठी उलटली, गुडघे गेले, तरी पळवलंत. तूही होतास की, लहान होतास, बापाच्या खांद्यावर बसून ओरडायचास. घरी येऊन बूट काढताना बाबा म्हणायचे, 'यंदाही नाही पोचलो गं, हॅटी.' अरे, पोचलेला माणूस होता तो! पोचलेल्या माणसाला जन्मभर 'नाही पोचलो' म्हणायला लावलंत तुम्ही. लीगने कप एकदा नेला. तुम्ही दरवर्षी नेलात."

"मला ठाऊक नव्हतं, बाई."

"करून घ्यायचं नव्हतं." त्यांनी हात पुढे केला. "पेन दे."

ऑरव्हिलने पेन दिलं, आणि देताना आपल्याला बरं वाटतंय की वाईट हे त्याचं त्यालाच कळेना. बाईंनी मसुदा पुढे ओढला. त्यांनी सावकाश तीन स्वल्पविराम घातले, एक वाक्य खोडलं, समासात 'विचार अस्पष्ट' असं लिहिलं आणि खाली दहापैकी चार गुण देऊन कागद परत केला. सही केली नाही.

उन्हाळाभर गावाने उपाय करून पाहिले. बाईंच्या दारात इतके केक येऊन पडले की शेजारची कुत्री माजली. प्रतीक्षायादीतल्या दोन्ही पाद्र्यांनी त्यागाच्या महतीवर प्रवचनं दिली. बाई पहिल्या बाकावर बसून ऐकत आणि जाताना त्यांचं व्याकरण सुधारत. डॉक्टरांनी डिसेंबरातली थंडी त्यांना झेपणार नाही असं लेखी दिलं, त्यालाही दहापैकी पाच मिळाले. एव्हाना डिसेंबरातला दुसरा रविवार येऊन ठेपला.

लीगचे दोन पाहुणे कप घेऊन आले. समारंभ मैदानावरच होता, आणि गावाने निदान परंपरा मोडू नये म्हणून शेवटचा डाव नेहमीप्रमाणे ठेवला होता. ऑरव्हिल पंचाचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून रेषेवर उभा होता. पंचाची शिट्टी नेहमीच्याच जागी वाजेल, मग कप काय तो गुपचूप देऊन टाकू, अशी तडजोड डार्लीनने पाहुण्यांच्या नकळत ठरवली होती. फक्त पीटचं काम कोणी करायचं, हे ठरवण्याआधीच हॅटी बाई चाकं लावलेला वॉकर ढकलत मैदानात उतरल्या. चेंडू त्यांनी कोटाच्या आत, काखेत धरला होता.

डावाला एरवी अकरा सेकंद लागतात. त्या दिवशी चौदा मिनिटं लागली. बर्फात चाकं रुतत होती. बेल्डनचे खेळाडू झालेली अकरा पोरं अडवायला उभी होती, पण बाई जवळ येताच एकेक जण टोपी काढून बाजूला झाला, कारण त्यांच्या आज्यांनाही बाईंनीच कोपऱ्यात उभं केलेलं होतं. बँडवाल्यांनी भोंगे खाली घेतले होते. बाई रेषेच्या हातभर अलीकडे आल्या.

"फुंक!" डार्लीनने कडेवरून दबक्या आवाजात सांगितलं. "ऑरव्हिल, फुंक!"

शिट्टी ऑरव्हिलच्या दातांत होती. चार हजार माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि बाई मात्र त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या खाली रेषेकडे बघत होत्या. त्याने शिट्टी तोंडातून काढली आणि खिशात टाकली. चाकं रेषेवरून गेली. मागोमाग एक पाऊल गेलं, मग दुसरं. ऑरव्हिल प्रॉसरने दोन्ही हात सरळ आभाळाकडे उंचावले. गुण मिळाला असं सांगण्याची पंचांची खूण हीच. त्या डावानंतर ती सत्त्याण्णव वर्षांत कोणी केली नव्हती.

खरं तर इथे टाळ्या अपेक्षित होत्या. परंतु गावाला त्या जागी टाळ्यांचा सराव नव्हता. मग सवयीने कोणीतरी हुर्यो केली, आणि मग सगळ्या गावाने, लेकराबाळांसकट, घसा फुटेस्तोवर हुर्यो केली. कोबीही आली. यंदा ती नेहमीसारखी हसत फेकलेली नव्हती, आणि काहींनी ती उकडलेलीही नव्हती. एक अख्खा गड्डा ऑरव्हिलच्या कानशिलावर बसला. त्याने हात खाली घेतले नाहीत.

लीगचा पाहुणा गोंधळून म्हणाला, "हे लोक जिंकले ना?"

"जिंकले," बाई म्हणाल्या. "म्हणून तर चिडलेत. आणा तो कप इकडे." कप त्यांनी हातात घेतला, बाहीने पुसला, आणि बापाचं नाव कोरलेल्या जागी अंगठा ठेवून तिथेच उभ्याने ढसाढसा रडल्या. ऑरव्हिल त्यांचा कोट धरून होता.

सोमवारी ऑरव्हिलला पदावरून दूर करण्यात आलं. जानेवारीत नव्या सचिवाने लीगकडे नवा अर्ज पाठवला: गावाचं मत न घेता आमच्यावर लादलेला न्याय तात्काळ मागे घ्यावा. सोबत साक्षीदारांची यादी होती. (पीट रेषेच्या अलीकडेच पडला हे प्रत्यक्ष पाहिलेल्यांची संख्या तूर्त तीन हजार दोनशे.) पाककृती होतीच. पंचाचं सहीचं पत्र नव्हतं. मार्चमध्ये तीन ओळींचा नकार आला, आणि हॉलमध्ये असा काही जल्लोष झाला की काचा हादरल्या. चौऱ्याण्णवावी चौकट भिंतीवर लागली. गसची पाटी आहे तीच राहिली, कारण कप अजूनही चोरलेलाच आहे, फक्त ह्यावेळी तो लीगने बेल्डनकडून काढून गावाच्या माथी मारला आहे. जावयाशी न बोलणाऱ्या बाईंना हायसं वाटलं. बेल्डननेही आता संग्रहालयासाठी जागा घेतली आहे आणि तिथे कोबीचा भाव दुप्पट झाला आहे.

हॅटी बाई त्या उन्हाळ्यात गेल्या. शेवटचे सहा महिने कप त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होता, आणि दर गुरुवारी ऑरव्हिल कॉफीला जाऊन तो पुसून देत असे.

टॅमरॅक गॅपच्या माणसांची आपल्याला कीव आली असेल, तर ते साहजिकच आहे. ऑरव्हिल सध्या रिकामा आहे. नियमावल्या वाचण्यात त्याचा हातखंडा आहे, अर्ज तो फुकट लिहून देतो, आणि कोणत्याही देशातलं प्रकरण घेतो. सातवीत वक्तृत्वाचा पहिला नंबर परीक्षकांच्या भाचीला गेला होता, तो तुमचा. साहेबांच्या मेव्हण्याला मिळालेली बढती तुमची. थोरल्या भावाला दिलेली ती खोली, तीही तुमचीच. तुम्ही ती हकीकत इतक्यांदा सांगितलीत की घरातल्यांना ती श्वास घेण्याच्या जागांसकट पाठ आहे. पुरावा पाठवलात तर मार्चपर्यंत मंजूर करून आणतो, असं ऑरव्हिलचं म्हणणं आहे. मंजुरीनंतर ती हकीकत पुन्हा सांगता येणार नाही, एवढीच अट. जाहिरात देऊन वर्ष झालं. पत्ता अजून एकानेही विचारलेला नाही, आणि आपणही, वाचून झाल्यावर, विचारलेला नाही.